रायफलची किल्ली आणि माझी नजर

"आण की घरी, त्यात काय एवढं," असं मी म्हणालो तेव्हा माझं सगळं लक्ष चहात बुडवलेल्या बिस्किटाकडे होतं. बिस्किट नेमकं केव्हा बाहेर काढायचं हा माझ्यापुरता जीवनमरणाचा प्रश्न असतो. बायको काय म्हणाली ते मी ऐकलं होतं, नाही असं नाही. रायफल हा शब्दही कानात शिरला होता. पण तो कानातून डोक्यापर्यंत पोचेपर्यंत बिस्किट कपात पडलं होतं आणि मी हो म्हणून बसलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, बायकोकडे रायफल कशी? तर आमची ही नेमबाज आहे. एरवी ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. सुई टोचलेली कळतच नाही म्हणून पेशंट तिच्याच खुर्चीसमोर रांग लावतात. हात असा की पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला घेऊन जिना चढेल. (मी चहा आणला तर कपापेक्षा बशीत जास्त असतो.) सुटीच्या दिवशी ती क्लबच्या मैदानावर जाऊन कागदी गोलाच्या बरोबर मध्यभागी भोकं पाडते. रायफल तिची, परवाना तिच्या नावावर, पण आजवर ती राहायची क्लबच्या शस्त्रांच्या खोलीत, पहाऱ्यात. त्या खोलीचं छत गळायला लागलं, दुरुस्ती निघाली आणि क्लबनं सगळ्यांना कळवलं की काही महिने आपापली शस्त्रं आपापल्या घरी नेऊन नीट ठेवा.

नीट. या एका शब्दानं माझी झोप उडवली.

कारण आमचं घर तीन खोल्यांचं. त्यात आम्ही दोघं, माझी आई आणि तिसरीतली आमची मुलगी. मुलीला घरात सगळे चिमणी म्हणतात. या चिमणीला बंद असलेली कुठलीही गोष्ट बघवत नाही. डबा, ड्रॉवर, छत्री, आजीची पर्स, सगळं ती उघडून बघते आणि उघडं टाकून जाते. अशा घरात खरी रायफल येणार, हे डोक्यात शिरल्यावर मला दरदरून घाम फुटला. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. माझ्या पोरीच्या हाताला ते लोखंड लागलंय असं नुसतं मनात आलं तरी मी उठून घरातले सगळे ड्रॉवर लावून यायचो.

"आपण तिजोरी घेऊ," मी म्हणालो.

आम्ही दुकानात गेलो. शस्त्रं ठेवायच्या तिजोऱ्या तिथे ओळीनं उभ्या होत्या. किंमत ऐकल्यावर मी दुकानदाराला विचारलं, "रायफलसकट का?" तो हसला नाही. बायकोनं माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

पण मी सरकारी कचेरीत भांडार विभागात कारकून आहे हो. स्वस्तात वस्तू कुठे मिळते हे मला नाही कळणार तर कुणाला? आमच्या कचेरीतली जुनी लोखंडी कपाटं नुकतीच भंगारात निघाली होती. त्यातलं एक उंच, अरुंद, जाड पत्र्याचं कपाट मी भंगारवाल्याकडून आणलं. ते कपाट कचेरीत वीस माणसांनी उघडायचा प्रयत्न करूनही उघडत नसे, म्हणूनच भंगारात गेलं होतं. मला तर ते वरदानच वाटलं.

कुलूपवाल्यानं जुनं कुलूप काढून दोन नवी भक्कम कुलुपं बसवली, दोन्ही एकाच किल्लीची. कपाट कुणी उचलून नेऊ नये म्हणून त्याच्या पाठीतून जाड स्क्रू घालून ते आतून भिंतीत आवळलं. एवढं सगळं त्यानं फार छान केलं. फक्त येताना जिन्यातून त्यानं खणखणीत आवाजात विचारलं, "बंदुकीचं कपाट कितव्या मजल्यावर?" आणि तिन्ही मजल्यांवरची दारं उघडली. मी कठड्यावरून ओणवा होऊन हसत हसत सांगितलं की चादरी ठेवायचं कपाट आहे. तेव्हापासून समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई मला वाट देताना भिंतीला चिकटून उभ्या राहतात.

रायफल आली त्या दिवशी बायकोनं आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. तिनं रायफलचा बोल्ट, म्हणजे मागचा लोखंडी खटका, मागे ओढून गोळी बसते ते चेंबर रिकामं असल्याचं दाखवलं. बोट आत घालून पुन्हा तपासलं. मग बोल्ट काढून वेगळा केला, घोड्याला कुलूप लावलं आणि रायफल कपाटात उभी केली.

"ही रिकामीच राहणार," ती म्हणाली. "काडतुसं वेगळ्या पेटीत, वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. त्या पेटीची किल्ली माझ्याकडे. आणि चिमणे, तुला चुकून कधी हे कपाट उघडं दिसलं तर काय करायचं?"

"हात लावायचा नाही. आजीला घेऊन बाहेर जायचं. तुला फोन करायचा," चिमणी घडाघडा बोलली. तिची उजळणी आधीच झालेली दिसत होती.

"आणि तुम्ही काय करायचं?" बायकोनं मला विचारलं.

मी या सगळ्या वेळात डोळे मिटून बसलो होतो.

राहिली कपाटाची किल्ली. बायको म्हणाली, माझ्याजवळ ठेवते. मी म्हणालो, तुझी पर्स लॅबच्या खुंटीवर दिवसभर लोंबकळत असते, येणारा जाणारा हात घालील. किल्ली माझ्याकडे दे. कचेरीतल्या साऱ्या खोल्यांच्या किल्ल्या मी सांभाळतो, बोर्डावर ओळीनं लावतो, आजवर एक हरवलेली नाही.

तिनं किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "एकच लक्षात ठेवा. रविवारी निवड स्पर्धा आहे आणि त्याआधी परवाना खात्याचे साहेब घरी येऊन पाहणी करणार. त्यांना काही वावगं दिसलं तर ते रायफल जमा करून नेतील. मग रविवार गेला."

हा रविवार म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. पहिल्या निवडीच्या वेळी चिमणी पोटात होती. त्याच्या पुढच्या खेपेला आईचं ऑपरेशन निघालं. दोन्ही वेळा स्पर्धेच्या दिवशी ही घरातली सगळी भांडी पुन्हा घासत बसली होती. आता वयाच्या अटीत बसण्याची ही शेवटची संधी होती. मी म्हणालो, "तू निश्चिंत राहा." (हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा म्हणालोय, तेव्हा तेव्हा काही ना काही फुटलंय.)

पहिल्याच संध्याकाळी बायकोनं किल्ली हातात घेऊन विचारलं, "हे काय?"

किल्लीला मी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'रायफलचे कपाट'. काय करणार, कचेरीत बिनचिठ्ठीची किल्ली हा गुन्हा आहे.

"मग कपाटापर्यंत जमिनीवर बाणही काढा," ती म्हणाली आणि तिनं चिठ्ठी फाडून टाकली. किल्ली आत नेऊन तिनं नीट पुसली, परत आणून दिली आणि म्हणाली, "घ्या. आता लपवा."

मी ती भिंतीवरच्या घड्याळामागे लपवली. जागा उत्तम होती. अडचण एवढीच की ती तिथे आहे ना, हे मला सारखं बघावंसं वाटायचं. मी दाराला कुलूप लावून जिना उतरल्यावर पुन्हा वर येऊन कुलूप ओढून बघणारा माणूस. गॅसचं बटण मी बंद करतो, मग बंद झालंय का बघतो, मग बघितलं होतं का ते आठवत बसतो. साहजिकच मी पेपर वाचता वाचता घड्याळाकडे बघायचो, जेवताना बघायचो, बूट घालताना बघायचो.

"बाबा, तुम्हाला कुठे जायचंय का?" चिमणीनं विचारलं. "सारखं घड्याळ बघता."

ती शाळेत गेल्यावर मी किल्ली तिथून काढून पडद्याच्या पोकळ दांडीत टाकली. दुसऱ्या दिवशी आई गहू निवडता निवडता सहज म्हणाली, "तो पडदा धुवायला काढायचा होता, पण म्हटलं नको. तुझं काही तरी असायचं तिथे." मी तिला काही म्हणजे काहीही सांगितलेलं नव्हतं. किल्ली पडद्यातून जुन्या बुटात गेली. बुटातून रेडिओच्या पोटात, तिथून आरशामागे. दर खेपेला कुणी ना कुणी काही तरी बोलायचं आणि मी हबकून नवी जागा शोधायचो. कचेरीत माझ्याकडून किल्ल्यांची अदलाबदल झाली आणि मोठ्या साहेबांना अर्धा दिवस झाडूच्या खोलीत बसावं लागलं.

बायको मात्र एकदम शांत. नेहमीसारखी कामाला जायची, पाहणी होईपर्यंत आपली रायफल कपाटातून हलवायची नाही म्हणून संध्याकाळी क्लबवर दुसऱ्याच्या रायफलनं सराव करायची. हल्ली तिच्या गळ्यात एक बारीक काळी दोरी असायची, टोक पोलक्याच्या आत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी एवढं शिकलोय की बायकोच्या अंगावर नवं काही दिसलं तर लगेच बोलावं. "छान दिसतंय हं," मी म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, "हो ना?"

पाहणीचे साहेब शुक्रवारी आले. सांगितलेल्या वेळेच्या आधीच आले. बायको लॅबमधून निघालेली नव्हती. दारात एक जाडसर, थकलेला, गुडघे दुखणारा माणूस उभा होता आणि बगलेत फाईल होती. "परवाना ज्यांच्या नावावर आहे त्यांच्यासमोरच कपाट बघायचं असतं," ते म्हणाले. "मी थांबतो. थोडा वेळ बसायला मिळालं तर बरंच आहे."

ते बसले. आईनं चहा ठेवला. चिमणी जमिनीवर चित्र रंगवत होती. मी समोरच्या खुर्चीच्या टोकावर बसलो आणि मनाला बजावलं, काही झालं तरी कुंडीकडे बघायचं नाही. (किल्ली आता गॅलरीच्या दारातल्या कुंडीत होती, मातीखाली.) कुंडीकडे बघायचं नाही म्हणून मी छताकडे बघू लागलो. मी छताकडे बघतोय म्हणून साहेबही छताकडे बघू लागले.

"गळतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही. छत एकदम कोरडं आहे," मी म्हणालो, आणि कोरडं म्हणताच मला आठवलं की सकाळी आईनं झाडांना पाणी घातलंय. ओल्या मातीत किल्ली गंजेल. माझी नजर गेली. मी ती आवरली. ती पुन्हा गेली.

"कुंडी," चिमणी रंगवता रंगवता हळूच म्हणाली.

"कालपासूनच कुंडी आहे," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "चिमणे, तू उशिरा ओळखलंस."

साहेबांनी कप खाली ठेवला. "हा काय खेळ आहे?"

"बाबा कुठे बघतात," चिमणीनं खेळाचं नाव सांगितलं. "बाबा किल्ली लपवतात ना, मग ते तिकडेच बघत बसतात. मी आणि आजीनं ओळखायचं. हात लावायचा नाही, हात लावला की बाद. पहिलं घड्याळ होतं. मग पडदा, मग बूट, मग रेडिओ, मग आरसा. आजी तीन वेळा जिंकली."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी ज्या एका भीतीनं इतके दिवस जळत होतो, ती भीती माझ्याच घरात मांडी घालून रंगीत खडूंनी चित्र काढत होती. माझ्या पोरीला किल्लीची एकूण एक जागा ठाऊक होती आणि ती तिला मीच दाखवली होती.

"कुठली किल्ली?" साहेबांनी मला विचारलं. त्यांचा थकवा कुठल्या कुठे गेला होता.

तेवढ्यात बायको दारातून आत आली. तिनं साहेबांना नमस्कार केला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पर्स खुंटीला अडकवली.

"बाई, तुमचं नाव चांगलं आहे, क्लबनंही चांगलं कळवलंय," साहेब उठून उभे राहत म्हणाले. "पण कपाटाच्या किल्लीची जागा घरातल्या लहान मुलीला ठाऊक असेल तर मला रायफल इथे ठेवता येणार नाही. आज जमा करून न्यावी लागेल."

रविवार गेला. हे दोन शब्द माझ्या डोक्यात घणासारखे पडले. "साहेब, तिचा काही दोष नाही," मी उभा राहून म्हणालो. "किल्ली मी मागून घेतली. सगळा मूर्खपणा माझा आहे. हवं तर मला जमा करून न्या, पण तिचा रविवार घालवू नका. तिला पुन्हा संधी नाहीये."

साहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मला जमा करून घेण्यात त्यांना रस दिसला नाही.

"साहेब," बायको म्हणाली, "ती किल्ली एकदा लावून तर बघा."

मी कुंडीत कोपरापर्यंत हात घालून किल्ली काढली. साहेबांनी ती रुमालानं पुसली आणि कपाटाच्या कुलपात घातली. ती अर्धीसुद्धा आत गेली नाही. उलटी करून पाहिली. दुसऱ्या कुलपात पाहिली. मी पुढे होऊन पाहिली. मग मला खाली बसावंसं वाटलं आणि मी कपाटाला टेकून जमिनीवर बसलो. म्हणजे खरी किल्ली हरवली. बुटातून रेडिओत जाताना कुठे तरी बदलली, कचेरीतल्या बोर्डावर गेली, भंगारात गेली, कुणाला सापडली. मला सगळं दिसायला लागलं.

"अहो, उठा," बायको म्हणाली. "फरशी गार आहे."

आणि तिनं गळ्यातली काळी दोरी ओढून बाहेर काढली. दोरीच्या टोकाला कपाटाची किल्ली होती, शेजारी काडतुसांच्या पेटीची. दोन्ही कुलुपं लोण्यासारखी फिरली. आत रायफल जशी ठेवली होती तशीच उभी होती, बोल्ट काढलेली, घोड्याला कुलूप लावलेली.

"पहिल्याच संध्याकाळी बदलली," तिनं साहेबांना सांगितलं. "ह्यांनी चिठ्ठी बांधली तेव्हाच. किल्ली पुसायला म्हणून आत नेली आणि दुसरी आणून दिली. ही माझ्या अंगावरून कधी उतरत नाही, झोपतानासुद्धा नाही."

"मला का नाही सांगितलंस?" मी जमिनीवरूनच विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या गळ्याकडे बघत बसला असता."

आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "नाही तर मी पोरीला असला खेळ खेळू दिला असता होय?"

साहेबांनी कपाट हलवून पाहिलं. ते जराही हललं नाही. भिंतीतले स्क्रू पाहिले, काडतुसांची पेटी दुसऱ्या खोलीत जाऊन पाहिली, रायफलच्या चेंबरमध्ये डोकावून पाहिलं. "दुकानातल्या महागड्या तिजोऱ्यांत काडतुसांसकट भरून ठेवलेल्या बंदुका मी बघतो," ते म्हणाले. "हे जुनं कपाट त्यांच्यापेक्षा शंभर पटीनं बरं." मी जरा ताठ बसलो. अखेर कपाट माझंच होतं. साहेबांनी फाईल गुडघ्यावर ठेवून शेरा लिहिला आणि बायकोपुढे सहीला धरला. मी मान वाकडी करून वाचला: 'व्यवस्था समाधानकारक. किल्लीची जागा यजमानांना कळणार नाही याची दक्षता पुढेही घ्यावी.'

साहेब गेल्यावर मी मातीनं माखलेल्या हातातली किल्ली पुढे केली. "मग ही कशाची आहे? इतके दिवस मी कशासाठी जिवाचं रान केलं?"

"तुमच्या सायकलची," बायको म्हणाली.

"माझी सायकल तर चोरीला गेली."

"हो. कुलूप लावायचं राहिलं होतं ना तुमचं. म्हणून किल्ली अजून नवीकोरी आहे."

रविवारी ती निवडली गेली. शेवटचे नेम लागत होते तेव्हा मी डोळे मिटून उभा होतो आणि चिमणी मला कानात निकाल सांगत होती. पंचांनी हिचं नाव पुकारलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी कुणापासून लपवलं नाही. (लपवून उपयोग नाही, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे.) क्लबनं सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. तो फोटो हल्ली आमच्या भिंतीवर आहे. त्यात बायको कॅमेऱ्याकडे बघतेय, आई कॅमेऱ्याकडे बघतेय, चिमणी दात काढून कॅमेऱ्याकडे बघतेय. मी मान तिरकी करून बायकोच्या गळ्यातल्या काळ्या दोरीकडे बघतोय.

फोटो घरी आला त्या संध्याकाळी बायकोच्या गळ्यात दोरी नव्हती.

"किल्ली कुठे आहे?" मी घाबरून विचारलं.

तिनं माझा हात उघडला, त्यावर सायकलची किल्ली ठेवली आणि माझी बोटं मिटली. चिमणी आणि आई लगेच सोफ्यावर शेजारीशेजारी येऊन बसल्या.

"हं बाबा," चिमणी म्हणाली, "लपवा आता."